हिरवे ठिपके

पहाटे सव्वापाचला मी पुन्हा मोजले.
पाठीवर एकोणीस, पोटावर तेवीस,
आणि कानामागे एक, जो रात्री नव्हता.
झामिरा नर्सने दिलेलं हिरवं औषध
काडीला कापूस गुंडाळून एकेका फोडावर टेकवलं.
बेगायिम आरशात बघून म्हणाली,
आई, मी कुरण झाले. आता मेंढ्या येतील.

"सगळ्यांवर खपली धरेपर्यंत घरातच," झामिरा म्हणाली होती.
किती दिवस?
"ते फोडांना विचार."

आणि तुझ्याकडे दोनच दिवस.
बिश्केकला यायचं, नवा पासपोर्ट घ्यायचा,
रविवारी रात्रीच्या गाडीने परत कझान.
घाटात बर्फ पडलंय, अट-बाशीपर्यंत यायला तुला सवड नाही,
म्हणून आम्हीच निघायचं,
हे ऑगस्टपासून ठरलेलं.
दोन सीटचे पैसे कुबातकडे कधीच दिलेले.

रात्रभर मी स्वतःशीच वकिली केली.
ताप उतरलाय की.
कांजिण्याच तर आहेत, कुणाला होत नाहीत?
माझी आई आम्हाला मुद्दाम शेजारच्या आजारी पोरांत झोपवायची,
एकदाचं होऊन जाऊ दे, म्हणायची.
थंडी अशी की डोळे सोडून सगळेच गुंडाळलेले,
एका पोरीच्या टोपीखाली काय आहे
कोण बघतंय?
चार वर्षांची आहे ती. तू गेलास तेव्हा दोनची होती.
हे शेवटचं वाक्य मी सगळ्यात जास्त वेळा म्हटलं,
कारण त्याला उत्तर नव्हतं.

सहा वाजता स्टँडवर.
कुबात टपावर पोती बांधत होता.
पंधरा सीटची गाडी, सात तासांचा रस्ता,
आणि गारठ्यात काच खाली करू देईल असा एकही माणूस नाही.
एक तरुण बाई दाराशी उभी होती, कोटाची बटणं
पोटावर लागत नव्हती.
बेगायिमकडे बघून हसली. गालावर हे काय, डास चावले?

नोव्हेंबरात डास.

मी "हो" म्हणू शकले असते.
तोंड उघडलं तेही त्यासाठीच.
पण विचारलं भलतंच:
तुला लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या का गं?
तिने जरा आठवून बघितलं.
"काय माहीत. आई असती तर तिला विचारलं असतं."

मी दोन पावलं मागे सरले. मग आणखी दोन.
कुबातला हाक मारून आमची पिशवी उतरवायला लावली.
तो चिडला, मग बेगायिमचा गाल बघून गप्प झाला,
एका सीटचे पैसे परत दिले. दुसरीचे नाही.
तुझे लोकरी मोजे मात्र नेले.

आमच्यात तेव्हा तीन हातांचं अंतर असेल,
वाराही होता, तिच्याकडून आमच्याकडे.
की आमच्याकडून तिच्याकडे?
गाडी वळणाआड गेली तरी मी ओलं बोट वर धरून उभी.

फोनवर तू बराच वेळ बोलला नाहीस.
मग म्हणालास, बरं केलंस.
ते "बरं" कसं होतं ते मला माहीत आहे,
तुलाही माहीत आहे. राहू दे.

निघताना तू एक घास तोडलेली रोटी
अजून खुंटीला आहे, फडक्यात.
तू येऊन उरलेली खाशील म्हणून ठेवलेली.
दगड झालीय.
दुपारी बेगायिमने ती खाली काढायला लावली,
तुझ्या दातांच्या खुणेत बोट घालून विचारलं,
बाबांचं तोंड एवढं मोठं आहे?

मी तिचा हात झटकन मागे ओढला.
हिरव्या ठिपक्यांचा हात.
मग माझं मलाच हसू आलं,
आणि सोडला.
तू येशील तोवर
त्या बोटावर डागही उरलेला नसेल.