पुसू नये

कॅसेटच्या पाठीवर विभाच्या अक्षरात दोनच शब्द :
पुसू नये.
कुठली मॅच, कुठलं साल, काही नाही.
तिला तेव्हा दोन्ही संघ सारखेच होते
आणि मी नवा नवरा.

हॅलिफॅक्समध्ये डिसेंबरात चार वाजताच दिवस मालवतो.
चॅरिटीच्या दुकानातून पाच पौंडांना आणलेला व्हीसीआर
कॅसेट तोंडात घेतो, जरा चावतो,
आणि खरखरीतून ते मैदान वर येतं :
गवत कमी, चिखल जास्त,
आमचे निळे हाफटाइमपर्यंत तपकिरी झालेले.

'आता हा पडणार,' ओजस म्हणतो.
तो पडतो.
'आता रेफरी घड्याळ बघणार.'
बघतो बिचारा.
शलाका सतराची झाली, तरी येऊन बसते,
पाय सोफ्यावर, फोन उशीखाली.

मी कोल्हापूरचा, मी सांगतो,
फुटबॉल मला विलायतेनं नाही शिकवला.
पेठेची मॅच असली की आमच्या गल्लीत
संध्याकाळचा तवा कुणी चुलीवर ठेवायचं नाही,
हरलो तर जेवायचंय कुणाला!
दोघं माझ्याबरोबर ओठ हलवतात,
'जेवायचंय कुणाला' तर हात उडवून.

एक्स्ट्रा टाइम. एक-एक.
एकशे अठरावं मिनिट, कॉर्नर आमचा.
चेंडू वर जातो, दिव्यांच्या उजेडात शिरतो

आणि पिवळ्या एप्रनातली एक बाई
केकवर क्रीम फिरवू लागते.

टायमर मी साडेदहाचा लावला होता.
मॅच लांबेल हे कुणाला माहीत?
खालचं जुनं रेकॉर्डिंग तसंच राहिलेलं.
'हलक्या हातानं,' बाई म्हणते,
आणि ओजस तिच्यासाठी टाळ्या पिटतो.

मग म्हणतो, 'बाबा, सांग.'

मी त्या रात्री इस्पितळात पोर्टर, ड्यूटीवर.
सहा नंबरच्या वॉर्डात अ‍ॅक्रॉइड म्हातारा
रेडिओ कानाला लावून पडलेला, सेल मरत आलेले.
अर्धं त्याला ऐकू येत होतं, अर्धं तो भरत होता.
एकदम माझं मनगट धरलं त्यानं :
डोकं! बॅराक्लफचं डोकं!
उडाला बघ, चर्चच्या मनोऱ्याएवढा!
नर्स धावत आली. तिला वाटलं, गेला.

इथं मी थांबतो.
तिसऱ्या दिवशी गेला,
ट्रॉली मीच ढकलली, लिफ्टमध्ये आम्ही दोघंच,
हे गोष्टीत नाही.

मागच्या आठवड्यात शलाकाचा फोन
किचनमध्ये चार्जिंगला होता, उघडाच.
तोच चिखल. तोच कॉर्नर.
बघू नये ते मी बघितलं :
चेंडू खाली येतो, त्यांच्याच बॅकच्या गुडघ्याला लागतो
आणि खिशातून पडलेल्या नाण्यासारखा
गडगडत जातो जाळ्यात.
उडी कुणीच मारत नाही.
बॅराक्लफ पार मागे, बुटाची नाडी बांधतोय.

किती वेळा बघितलं असेल तिनं?
कधीपासून?

'किती उंच उडाला?' ओजस विचारतो.
त्याला पाठ आहे, तरी विचारतो.
माझी जीभ टाळूला चिकटते.
बाई केकवर साखरेचं फूल ठेवते.

'चर्चच्या मनोऱ्याएवढा,' शलाका म्हणते,
माझ्याकडे न बघता,
उशी थोडी जवळ ओढून घेत.

मी रिमोट उचलतो, टेप मागे धावते.
बाई केकवरचं फूल काढून घेते, क्रीम सुरीवर परत चढतं,
चेंडू उजेडातून उतरून
कॉर्नरच्या झेंड्यापाशी गप्प बसतो.

'झाली का तुमची मॅच?' आतून विभा.

'नाही!' ओजस ओरडतो.