छातीची उंची

एक मीटर तीस. जमिनीपासून इतक्यावरच
फीत गुंडाळायची, असं आमच्या वहीत लिहिलंय.
त्याला म्हणतात छातीची उंची.
"कोणाच्या छातीची?" आयकांडेनं विचारलं.
कॉफी खुडता खुडता वाकलेली ती.
आमची फीत तिच्या कपाळाला लागत होती.

किलिमांजारोच्या दक्षिण उतारावर तिचा किहाम्बा,
घराभोवतीची एकरभरही नसेल अशी जागा.
वर ग्रेव्हिलिया, त्याखाली केळी, केळीखाली कॉफी,
कॉफीखाली अळू, आणि अळूच्या पानाआड
खुडूक कोंबडी, जी कुठल्याच रकान्यात बसेना.

एलिरिंगिया घेर ओरडायचा, मी लिहायचो.
एकतीस. अठ्ठ्याण्णव. साडेबेचाळीस.
केळ आली की सूत्र बदलायचं,
खोड म्हणावं तर नुसती सोपटं आणि पाणी.
"आणि हे सगळं कशासाठी?"
झाडांच्या पोटात कर्ब किती साठलाय, ते बघायला.
"म्हणजे मी जन्मभर कोळसा पिकवला होय!"
हसली, बोळक्या तोंडानं, पोट धरून.

मग माती.
तक्त्यातल्या आकड्यांनी जागा नेमून दिली,
घरामागे, सात पावलं पूर्वेला.
मी नळी ठोकली. दुसऱ्या ठोक्याला तिचं हसू थांबलं.

इसालेची दोन रोपं होती तिथं, करंगळीएवढी.
इतकं बारीक खोड आम्ही मोजत नाही,
म्हणून मला दिसलीही नव्हती.
एलिरिंगियानं टोपी काढली.
"माझी मान्का," ती म्हणाली. "अकरा दिवसांची."
आणि चुलीकडे गेली.

नळीत वीतभर माती आली होती,
वर काळी, खाली तांबूस. पिशवीवर नंबर घातलेला.
उद्या भट्टी, परवा तराजू.
मी ती परत ओतली,
तांबूस आधी, काळी नंतर,
आणि तळहातानं दाबली,
फार जोरात नाही.

रात्री तक्ता भरायला बसलो.
नमुना सातची चौकट रिकामी सोडवेना.
शून्य लिहिलं तर सरासरी घसरते,
आणि शून्य तर तिथं नाहीच आहे.

उजाडताच इसालेचं एक पान घेऊन गेलो,
मधोमध गाठ मारलेलं.
चुकलेल्यानं ते पुढे करायचं, आणि समोरच्यानं
नाही म्हणायचं नाही, अशी आमच्याकडची रीत.
मोशीत वाढलो मी, रीत फक्त ऐकून माहीत.

तिनं पान उजेडात धरून पाहिलं.
"गाठ सैल आहे रे," म्हणाली.
सोडली,
आणि माझ्या हातात देऊन
पुन्हा बांधायला लावली.