स्फुरद

आमच्या तलावाचं पाणी काचेच्या नळीत
निळं निघालं.
सयाकाकू म्हणाली, बेसच झालं जी, पानी निळंच असते.
मी म्हटलं, काकू, या परीक्षेत निळं म्हणजे नापास.
जितकं निळं, तितका स्फुरद जास्त.

स्फुरद.
काय देखणा शब्द, कुणाला ओळ सुचावी तसा.
रोवणीच्या दिवसांत पोत्यातून बांधीत उतरतो,
आणि धानानं पिऊन जो उरतो
तो बांधीतून बांधीत, नालीतून नालीत, उताराउतारानं
तलावाला स्फुरतो.
मग पाण्यावर हिरवी साय. सायीवर साय.
मरळ वर येऊन हवा पिते, तिचं भागतं.
दाडक पहाटे पांढरं पोट वर करून
पाळीला लागलेले असतात, तुडुमाजवळ.
काकू टोपलं आणते. विकायला नाही, पुरायला.

मी कॉलेजात परिचर. बाटल्या धुणं माझं काम.
कापगते सरांची हर्षला चहापत्तीच्या काढ्यात
लोखंडाचा क्षार थेंबथेंब सोडते,
आणि पिवळं पाणी बघता बघता
बिब्ब्याच्या डागासारखं काळं पडतं.
यात लोखंड आहे, म्हणते,
इतकं बारीक की केसाच्या जाडीत
हजारभर कण ओळीनं बसतील.

आमच्या जाळ्यालाही लोखंडाच्या गोळ्या आहेत.
ते लोखंड फक्त बुडतं.
हे बुडता बुडता धरतं.
म्हणजे हेही जाळंच, मी म्हटलं,
आणि हर्षला पहिल्यांदा माझ्याकडे
बाटलीवरून नजर काढून बघू लागली.

तासभर हलवलं. बुडाशी चुंबक धरला.
काळं सगळं हळूहळू खाली सरकलं,
शाळा सुटल्यावर पोरं दाराशी गोळा होतात तसं,
फक्त आवाज नाही.
वरचं पाणी नळीत घेतलं, पुन्हा तीच औषधं, पुन्हा वाट.
निळं आलं नाही.
आलं असेल तर मला दिसलं नाही.

काकूनं नळी उजेडात धरली. बराच वेळ.
मग म्हणाली, हे बाटलीतलं झालं.
तरा पंचेचाळीस एकराचा हाये.
अन् खालचा हा काळा गाळ
कोनाच्या घरी नेता?
हर्षलानं वहीत काही लिहिलं. काय ते मी वाचलं नाही.
जाताना काकूनं तो गाळ करवंटीत मागून नेला,
वालाच्या वेलाला घालून पायते, म्हणे.
लोखंड धरलेलं लवकर सोडत नाही, हर्षला म्हणाली.
सोडंल, काकू म्हणाली. वेलाला मांगता येते.

संध्याकाळी बाटल्या धुताना
पावडरच्या पाकिटावरची बारीक अक्षरं
पहिल्यांदा वाचली.
फॉस्फेट.
मोरीचं पाणी कुठं जातं, मला माहीत आहे.
अकरा वर्षं मीच सोडतोय.

उद्यापासून राखेनं घासतो, म्हटलं.
हर्षला हसली.
राखेतही असतो, म्हणाली, थोडा.