अपडाऊनची गाडी

जालना ते शेंद्रा, जाऊन येऊन नव्वद किलोमीटर.
सहा वर्षांत गाडीला माझा पाय पाठ झालाय
आणि मला बदनापूरच्या अलीकडचा चढ,
जिथं सळयांचा ट्रक पुढं असतोच.
सळयांच्या टोकाला लाल फडकं.
मी तिसरा टाकते, पाय दाबते,
गाडी नुसती ओरडते.
मागून कुणीतरी डिपर मारत येतं,
मी पुन्हा डाव्या अंगाला,
पुन्हा फडक्यामागं.

गफूर मिस्त्रीचं गॅरेज मोंढ्याच्या मागं.
बॉनेट उघडून त्यानं आधी चहा सांगितला.
"दोन इलाज हैत बाई.
दोन्ही इंजिनाला हवा जास्त पाजतात.
फरक एवढाच,
पाजणारा कुणाच्या जिवावर फिरतो."

सुपरचार्जर त्यानं गिरणीवरनं समजावला.
एकाच मोटारीवर दळण आणि मिरचीकांडप.
कांडपाचा पट्टा चढवला की तिखट लगेच पडायला लागतं,
पण तिकडं जात्याचा आवाज बसतो.
मोटार तीच.
जे देते ते स्वतःच्या अंगातलं देते.

टर्बोसाठी तो थेट गुऱ्हाळावर गेला.
रस पिळून उरलेलं चिपाड
वाळवून त्याच रसाखाली जाळतात.
"धूर तर बाहेर जाणारच.
जाता जाता पंखा फिरवून जातो."
म्हणजे फुकटात?
"फुकट काय नसतंय.
चुलवण पेटायला येळ लागतो.
पाय दाबला की आधी कायच न्हाई.
तुम्ही म्हणता, मेलं वाटतं.
आन मंग एकदम."
त्यानं कप ठेवला, तळहात पुढं फेकला.
कपातला चहा थोडा सांडला.

शेजारच्या सीटवर बसतात कुंडलिक तौर, स्टोअरकीपर.
पेट्रोलला महिना बाराशे देतात,
मत वेगळं.
"सुपरचार्जरच घ्या मॅडम.
वाट बघायला लावत नाही,
हाक मारली की हजर."

हाक मारली की हजर.
हे मी आधी ऐकलंय.
नणंदेनं कौतुकानं सांगितलं होतं,
हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना, माझ्याबद्दल.
मी तेव्हा आत चौदा कप विसळत होते
आणि पंधरावा कुठं गेला ते शोधत होते.

शिफ्ट रजिस्टरच्या मागच्या पानावर हिशेब मांडला.
अॅव्हरेज, बसवायची मजुरी, आरटीओचे कागद,
मुलाच्या क्लासचा दुसरा हप्ता.
आकडे दोन्ही बाजूंनी दमवणारे.
पुन्हा गेले गॅरेजवर.

गफूर म्हणाला, "टर्बोची एक खोड सांगायची राहिली.
लांबून पळवत आणली की लगीच बंद करायची न्हाई.
आतला पंखा लालबुंद असतो.
घरी पोचला तरी मिनिटभर
तशीच चालू ठेवायची. ऑइल फिरू द्यायचं.
हे जमत नसंल तर घेऊ नका."

मिनिटभर.
दारात. गाडीत.
काचा वर, हात मांडीवर,
कुणाला काही न देता.
मी त्याला पुन्हा विचारलं, रोज?
"रोज," तो म्हणाला, जरा दिलगिरीनंच.

टर्बो अजून बसायचाय.
बोनस झाला तर पुढच्या महिन्यात.
इंजिन जुनंच आहे, चढावर जुनंच ओरडतं,
काल तर फडक्यामागं भोकरांच्या धाब्यापर्यंत गेले.

पण दारात आले आणि चावीला हात लावला नाही.
स्वयंपाकघरात दिवा होता.
कुकरची एक शिट्टी झाली, दुसरी अडली.
सासरे खिडकीत आले,
"काय झालं गं? बंद पडली का?"
"नाही," मी म्हणाले, काच दोन बोटं खाली घेऊन,
"इंजिन गार होतंय."