हत्तु

लुमाण्णा हलगेकर, रिटायर पोस्टमन,
दर शनिवारी खानापूर स्टेशनजवळच्या टपरीवर
साखरेच्या डब्याखाली एक चिठ्ठी ठेवतो.
कुणाला सांगत नाही. सगळ्यांना माहीत आहे.

त्या शनिवारची, निळ्या बॉलपेनात:

  गावाचं नाव छातीवर, पण जागचा काही हलेना;
  अंग चुन्याचं, डोकं हिरवं, कोण ते सांग ना.
  त्याच्या पोटात जेवढं, तेवढे खांब मोज, नदीकडे वळ,
  आंबट सावलीपाशी थांब. मग हत्तु. मग फळ.

मी चंदगडचा. वर्ष झालं, इथं कौलांच्या कारखान्यात
हिशेब लिहितो: साबूत एका वहीत, फुटकी दुसऱ्या.
मैलाचा दगड, एवढं माझं मला कळलं.
पुढचं कळायला नीलव्वा लागली.

नीलव्वा बैलहोंगलची. सरकारी दवाखान्यात रक्त तपासते,
दुसऱ्याच्या बोटाला सुई लावताना
क्षणभर स्वतःच डोळे मिटते.
रविवारी तिची स्कूटी, माझं खुरपं,
आणि कागदात जोंधळ्याच्या चार भाकऱ्या, शेंगाचटणी.

नंदगडच्या वाटेवर दगड सापडला,
गवतात कमरेइतका बुडालेला.
गवत उपटलं. पोटावर दोन शून्यं.
म्हटलं, बघ, इथून कुठंच जायचं नाही.
ती वाकली, ओलं बोट फिरवलं त्या वळणांवरून
काचपट्टीवर थेंब पसरावा तसं.
"शून्य नव्हे हो. ओंदु. आणि ओंदु. अकरा."

वर्षभर बसच्या पाट्यांवर
किती एक मी शून्य समजून जाऊ दिले असतील.

अकरावा खांब. तिथून बांधावरून खाली.
मलप्रभा उन्हात असते तशी:
मधे खडक, कडेला धुणं,
एका म्हशीपुरतं खोल पाणी.
चिंच एकच होती.

"हत्तु म्हणजे?"
"दहा," ती म्हणाली, भाकरीचा कागद सोडता सोडता.

खोडाला पाठ लावून दहा पावलं मोजली.
खणलं. एक बूच, मुंग्या.
दहा पावलं दुसरीकडे.
अर्धं कौल, त्यावर कुठल्याशा कारखान्याचं अर्धं नाव.
तिसरीकडे नुसती मुळं,
आणि माझी पाठ माझ्याशी बोलायला लागलेली.

तेवढ्यात म्हशीमागची दोन पोरं आली.
थोरलं खोडापाशी उभं राहून
धाकट्याच्या पार्श्वभागाला खांदा देत ओरडलं:
"हत्तु! हत्तु!"
आणि धाकटं सरसर वर गेलं, चिंचांना.

नीलव्वाचा घास तोंडाशीच राहिला.
मग हसली, ठसका लागेपर्यंत हसली.
जन्मापासून तोंडात असलेला शब्द,
माझ्यासाठी मराठीत ओतताना
अर्धा भांड्यालाच चिकटून राहिला होता.
हत्तु, दहा.
हत्तु, चढ.

ती चढली. चपला मी धरल्या.
दुसऱ्या बेचक्यातल्या ढोलीत बिस्किटाचा डबा,
सायकलच्या ट्यूबनं आवळलेला.
आत डाकेचा शिक्का, लाकडी मुठीचा,
तारखेची चाकं गंजून बसलेली;
महिना लागतो, साल लागत नाही.
शाई नव्हती. तिच्या पर्समध्ये
जखमेवर लावायचं जांभळं औषध होतं.
आधी माझ्या मनगटावर, मग तिच्या.
उमटला तो गोल तेवढा. अक्षरं कुणाचीच आली नाहीत.

शिक्का परत डब्यात ठेवला.
तिनं एक कोरी काचपट्टी टाकली,
मी ते अर्धं कौल. डबा लागेना,
मग कौल काढून खिशात घातलं.

सोमवारी टपरीवर लुमाण्णा.
"काय, शोधूलालास म्हणं?"
मी मनगट पुढं केलं.
तो बघत होता माझ्या नखांकडे.
"खड्डे किती काढलास?"
"तीन."
"मग बरं हाय की. तलाठी पाच काढून गेलाय,"
म्हणाला, आणि साखरेचा डबा
आपल्याकडे ओढून घेतला.