माप

बुधवारी जळगावला, सिव्हिलमध्ये,
डॉक्टरांनी कल्पेशच्या पायाचं माप घेतलं.
टेप नव्हती. नुसती नजर, एक छोटी हातोडी,
आणि कागदावर: पंचावन्न टक्के, कायम.
तीस वर्षं मापं घेतोय मी पारोळ्यात,
टक्क्यांत कुणी कधी सांगितलं नव्हतं.

मग सेतू, मग पंचायत समिती,
मग आधार बँकेला जोडा, मग जोडलेलं दिसत नाही,
मग ज्यांच्याकडे शिक्का ते साहेब ट्रेनिंगला.
फॉर्मवर एक चौकोन होता, पालकाचा व्यवसाय.
बाई म्हणाल्या, शिवणकाम मावणार नाही हो,
मजुरी लिहा.

शाळा सुरू होऊन दीड महिना झाल्यावर
मेसेज आला. मंजूर.
रोडवरच्या त्या पिवळ्या इंग्लिश स्कूलची फी
सरकार भरणार.
ज्योत्स्नाने गल्लीभर मोबाइल फिरवला,
दूधवाल्यालाही दाखवला;
त्याने चष्मा नसताना वाचल्यासारखं केलं.

फी सरकारची. पॅन्ट आमची.
आणि ती शाळेतूनच घ्यायची,
बाहेर शिवलेली चालत नाही,
असं काउंटरवरच्या पोराने मला सांगितलं.
त्याच्या लग्नाचा कोट मी शिवलाय.

पुडा घरी येऊन फोडला. सहाशे चाळीस रुपये.
अठ्ठावीस नंबर, दोन्ही पाय सारखे.
कॅलिपर आत जाईना.
ज्योत्स्ना म्हणाली, पट्टे काढून घालून बघू,
आणि मग स्वतःच गप्प झाली.

रात्री दिवा मशीनवर ओढला.
डाव्या पायाची शिवण
मांडीपासून खालपर्यंत उसवली.
फॅक्टरीची शिवण, एक टोक सापडलं
की सरसर येते.
माझ्या जुन्या सफारीचं करडं कापड काढलं,
सव्वा इंचाची कळी घातली.
रंग तंतोतंत नाही. उन्हात कळेल.

सकाळी घालून तो घरभर फिरला,
खटक, खटक, फरशीवर.
आप्पा, म्हणाला, माप बराबर शे.

तिसरीचा वर्ग वरच्या मजल्यावर आहे,
हे कुठल्याच कागदावर नव्हतं.
शिपाई म्हणाला, पालकांनी फाटकाबाहेर.
कल्पेशने कठडा धरला,
आधी उजवा, मग हाताने उचलून डावा.
मागून येणारी पोरं थांबली, मग बाजूने गेली.

पायऱ्या बावीस.
प्रत्येक साडेसात इंच, शेवटची जरा जास्तच.
एवढ्या लांबून सांगतोय,
टेप लावायची गरज नाही.