एकशेवीसला थांबायचं

उद्यमनगरात महिपती मिस्त्रीनं
पिकअपच्या डॅशबोर्डला एक जादा मीटर ठोकला,
कुठल्यातरी जुन्या बॉयलरचा, काच कडेला तडकलेली.
वायर खाली सोडली गिअरबॉक्सपर्यंत.
"इंजिन तापलं की बोंबलतं.
ह्यो मुका गडी, सोसत बसतो.
ह्याचं तू बघायचंस."

करूळचा घाट, पहाटेचे चार.
मागं हुकाला जनरेटरची ट्रॉली,
वैभववाडीच्या जत्रेतून सुटलेली,
सहाला कसबा बावड्यात हळद.
शेठचा तिसरा फोन. "कुठं हायस?"
"चढतोय."

तिसऱ्यात गाडी कण्हली, दुसरा टाकला.
क्लचवरचा पाय बाजूला.
काटा शंभर. वळण. एकशेदहा.
खिडकीतून मघाशी काजूच्या पाल्याचा वास येत होता,
आता खालून, मेथी करपल्यासारखा.

एकशेवीस.

थांबलो. ट्रॉलीच्या चाकांना दगड लावले.
न्यूट्रल. इंजिन चालूच ठेवलं,
बंद केलं तर तेल जागच्या जागी करपतं,
फिरतं राहिलं तर निवतं.
हे मिस्त्रीनं शिकवलं मला
आणि त्याला त्याच्या बापानं,
जो कळ्याच्या गुऱ्हाळावर गुळव्या होता,
ज्यानं जन्मात गिअरबॉक्स बघितला नव्हता:
काहिलीत हात थांबला की पाक बुडाला लागतो.

एक डंपर हॉर्न मारत, शिवी देत वर गेला.
तंबाखूची एक चिमूट. एकशेअठरा.
फोन सीटवर पडून थरथरत होता.
ताडपत्रीवरचं दव बोटानं निपटत मी उभा;
गावभर उजेड करणारं एवढं मोठं धूड,
त्याला हा चढ काही चढता येत नाही.
दुसरी चिमूट. एकशेचौदा.
मीटरकडं बघत बसलं की तो उतरतच नाही,
म्हणून दरीकडं बघितलं,
तिथं एकच दिवा होता, तोही विझला.

पंच्याण्णवला निघालो.
हळदीला माईक नव्हता,
बायका तोंडानंच गायल्या म्हणं.
शेठनं पाचशे कापले.

दुपारी मिस्त्रीनं खालचा बोल्ट सोडला.
काळपट तेल डब्यात पडलं.
त्यानं बोटावर थेंब घेतला, अंगठ्यानं चोळला,
नाकाशी नेला, उन्हात धरला,
बाप पाण्यात गोळी वळून बघायचा तसा,
आणि बराच वेळ काही बोलला नाही.

"झालं नाही," म्हणाला शेवटी,
"पण होत आलं होतं."